सहावी रांग, उजवी खिडकी

आमच्या घाटंजीत विमानतळ नाही आणि पुढच्या शंभर वर्षांत होईल अशी लक्षणंही नाहीत. विमान धरायचं म्हणजे आधी यवतमाळ, तिथून नागपूर, अशी अर्ध्या दिवसाची वरात काढावी लागते. तरीही घाटंजीतून उडणाऱ्या प्रत्येक माणसाने विमानात कुठल्या रांगेत आणि कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसायचं, हे घाटंजीतच ठरतं. ते भोयरकाका ठरवतात. भोयरकाका स्वतः आजवर एकदाही विमानात बसलेले नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही, भोगलेलं सांगतो. तहसीलच्या रस्त्यावर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, आधार कार्डावर चुकलेली जन्मतारीख, ही सगळी कामं माझ्याकडे होतात. गावातली पोरं शिकून पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला पांगली, तशी त्यात विमानाची तिकिटंही आली. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला गिऱ्हाईक आणि मधल्या स्टुलावर भोयरकाका, अशी आमची मांडणी असते. स्टूल माझं आहे, पण त्यावर माझा काही हक्क उरलेला नाही.

"गजू, शीटा दाखव," काका म्हणतात. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवतो. पैसे देणं एवढंच गिऱ्हाइकाच्या हातात राहतं.

मागे राऊतकाकू मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कोनत्या टाइमाचं इमान हाय?"

"दुपारी दीडचं हाय भाऊ."

"मंग डावी बाजू. ए. रांग सहावी, नाहीतर पाचवी. त्याच्या मांगं गेलं का पंख येते आडवा. थोडं ऊन लागन, पण आपला जिल्हा त्याच बाजूले हाय."

"मले त संडासाजवळची पाह्यजे. गुडघे दुखून राह्यले न."

"काकू, संडास का तुमी घरी पाह्यला नाही का?" काका कळवळून म्हणाले. "देवानं एवढ्या उंचावर नेऊन बसवलं तुमाले, अन् तुमी संडास पाहून राह्यल्या!"

राऊतकाकू सहाव्या रांगेत बसून गेल्या. पुण्याला उतरल्यावर त्यांनी मुलाला पहिलं वाक्य काय ऐकवलं ते मुलाने मला फोनवर सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भोयरकाका भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त भूकरमापक. लोकांच्या भाषेत मोजणीवाले साहेब. कळंब, घाटंजी, महागाव अशा तालुक्यांच्या कचेऱ्यांमधून त्यांची नोकरी झाली. दोन भावांत, नाहीतर दोन शेजाऱ्यांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण लागलं की मोजणीचा अर्ज पडायचा आणि काका साखळी घेऊन हजर व्हायचे. दोन्हीकडची माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी असायची, आणि मधून काका खुणेचा दगड शोधत वाकून चाललेले असायचे. मोजणी झाली, खुणा रोवल्या, की ते मोठ्यांदा म्हणायचे, "हद्द कायम!" त्यानंतर त्यांच्याशी कोणी वाद घालायचा नाही. निवृत्त झाले, साखळी गेली, पण ते दोन शब्द काही सुटले नाहीत. भाजीत मीठ किती, बस कितीला येईल, जावई कसा आहे, कशावरही त्यांचं मत देऊन झालं की "हद्द कायम" येतं. विमानातल्या जागेवर तर येतंच येतं.

"चाळीस वर्षं मी खाली मुंडी घालून चाललो," ते म्हणायचे. "हा जिल्हा मी पायानं पाह्यला. कागदावर काढला. आता वरून तो तसाच दिसते का नाही, हे कोनीतरी पाह्यलं पाह्यजे का नाही?"

हे त्यांनी गावाला दिलेलं कारण. मीही ते खरं मानून चाललो होतो.

त्यांचं शास्त्र मात्र पक्कं होतं, हे कबूल करायला हवं. नागपूरहून पुण्याला किंवा मुंबईला जाताना डावी खिडकी, येताना उजवी. हैदराबाद-बंगळुरूला जाताना उजवी, येताना डावी. सकाळच्या विमानात सूर्याकडे पाठ करून बसावं, म्हणजे खालचं सगळं स्वच्छ दिसतं. अगदी शेवटची रांग घेऊ नये, कारण काही विमानांत तिथे खिडकीच्या जागी नुसती भिंत असते. हा शोध त्यांना महागावच्या एका वकिलाने लावून दिला. वकील पैसे भरून खिडकीशी बसले आणि दीड तास भिंत पाहून आले. काकांना तो घाव अजून विसरता आलेला नाही. "भिंतच पाहाची होती त कोर्टात का कमी भिंती हायेत?" असं ते म्हणतात.

ऋतूंचेही त्यांचे नियम आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, तेव्हा शक्यतो कोणी जाऊच नये. पोळ्यानंतर हिरवं दिसतं, पण एकजात हिरवं, त्यात कोणाचं काय ते कळत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे उन्हाळा. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेल्या असतात, वावरं उघडी पडलेली असतात, धुरे रेघ मारल्यासारखे दिसतात. त्यामुळे आमच्या गावात कोणी मे महिन्यात विमानाने जायचं म्हटलं की काकांना त्याचा हेवा वाटतो आणि जानेवारीत लग्नाला निघालेल्या माणसाची कीव येते.

प्रत्येक प्रवाशाला ते हाताने काढलेला एक छोटा नकाशा देतात. उड्डाणानंतर कितव्या मिनिटाला कुठे पाहायचं, आधी कुठला तलाव येईल, मग कुठला रस्ता, मग गाव, सगळं त्यात असतं. उत्तर दिशेचा बाण तर इतका देखणा काढतात की तो पाहूनच माणूस घाबरतो. आणि परत आल्यावर प्रवाशाने काकांपुढे बसून जबाब द्यायचा असतो.

इथे आमच्या गावाची खरी परीक्षा होते, आणि गाव दर वेळी नापास होतं.

कारण आमचे लोक विमानात पाहायला बसत नाहीत, बसल्याचं दाखवायला बसतात. आधी विमानतळाच्या दाराचा फोटो, मग हातात बोर्डिंग पास धरलेला फोटो, मग खिडकीतून पंखाचा फोटो. तो स्टेटसला चढला की खिडकीचं काम संपलं. त्यानंतर झोप लागते ती चाकं टेकेपर्यंत. पंख दिसू नये म्हणून काका जीव तोडतात आणि गावाला नेमका पंखच हवा असतो. त्याशिवाय आपण विमानातच होतो, हे नातेवाइकांना कसं पटणार?

एकदा तालुक्यातल्या अकरा कृषी केंद्रवाल्यांना एका औषध कंपनीने थायलंडची सहल दिली. फवारणीचं औषध भरपूर खपवल्याचं ते बक्षीस होतं. नागपूर ते मुंबई तिकिटांच्या जागा निवडायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे काकांकडे आलं. अकराही जणांना शेजारी शेजारी बसून पत्ते कुटायचे होते. काकांनी अकरा जणांना अकरा रांगांतल्या अकरा खिडक्या दिल्या.

"ज्या वावरात तुमी औषध ओतलं, ते वावर त पाहा जरा वरून," एवढंच ते म्हणाले.

त्या सहलीतले एक शेटजी परतल्यावर दुकानात आले. काकांनी विचारलं, "घाटंजी दिसली?"

"दिसली ना काका! एकदम झकास. माह्या दुकानाचं बोर्डही दिसलं."

"डाव्या हाताले का उजव्या?"

"उजव्या हाताले."

"तुमी डाव्या खिडकीले होते," काका शांतपणे म्हणाले. "उजव्या हाताले तुमच्या शेजारी बसलेला मानूस होता. त्याच्यावर बोर्ड होतं का?"

असे जबाब मी किती ऐकले असतील! कोणाला दोन मिनिटांत आख्खा जिल्हा दिसायचा, कोणाला कळंबच्या चिंतामणीच्या देवळाचा कळस दिसायचा, एकाला तर स्वतःची गच्ची दिसली आणि तिच्यावर वाळत घातलेली चादरही. काका सगळं ऐकून घ्यायचे, एक उलटा प्रश्न विचारायचे आणि चष्मा खाली ओढायचे. एकच जबाब त्यांनी खरा मानला. शेजारच्या सलीमभाई मोटरवाइंडरची आई मक्केला उमऱ्यासाठी जाऊन आली. काकांनी तिला नागपूरच्या विमानात अगदी बेतून जागा दिली होती. ती म्हणाली, "भैया, झूठ नहीं बोलूंगी. मैं तो बैठते ही सो गई थी." काका उठून उभे राहिले आणि त्यांनी म्हातारीला हात जोडले.

प्रत्येक जबाबात काका शेवटी एक प्रश्न हमखास विचारायचे. "गावाजोळ काही चमकल्यासारखं दिसलं का?" लोक "हो" म्हणायचे, कारण लोक सगळ्यालाच "हो" म्हणायचे. मला वाटायचं, तलावाचं पाणी वगैरे म्हणत असतील.

त्या प्रश्नाचा उलगडा मला मागच्या वर्षी दिवाळीनंतर झाला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवर चेहरा टिपायचा म्हणून मी सकाळी काकांच्या घरी गेलो. हाक मारली तर आवाज गच्चीवरून आला.

"थांब, हयात हाय मी! दोन मिनिटं थांब!"

मी वर गेलो. काका गच्चीच्या मधोमध उभे होते. चार वर्षांपूर्वी वारलेल्या काकूंच्या ड्रेसिंग टेबलाचा लांबलचक आरसा चौकटीसकट काढून त्यांनी पोटाशी धरला होता. समोर कठड्यावर मोबाइल उभा केलेला. त्यावर विमानांचा नकाशा. ते ॲप मीच त्यांना हौस म्हणून घालून दिलं होतं. पडद्यावर एक इवलंसं पिवळं विमान खाली सरकत होतं आणि काका आरसा तिरपा करून उन्हाचा कवडसा आकाशात फेकत होते. हलवत होते, थांबवत होते, पुन्हा हलवत होते. कपाळावरून घाम गळत होता.

"काका, हे काय चाललंय? पायलटच्या डोळ्यावर आलं तर पोलीस येतील!"

"दोन सेकंद चमकवतो न् काढतो. तो पायलट समोर पाह्यते, तो इकडं कायले पाहीन?" विमान पडद्यावर पुढे सरकलं, तसा त्यांनी आरसा खाली ठेवला. "पह्यले मोजणीवाले असंच करत. या टेकडीवरून त्या टेकडीले आरशानं निशाणी देत. आमच्या साहेबानं सांगतलं होतं मले. पन्नास पन्नास किलोमीटरवरून दिसे म्हणते."

"पण तुम्ही कोणाला निशाणी देताय?"

"वैशू हाय ना त्याच्यात," काका म्हणाले.

वैशाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. बंगळुरूला नोकरी करते. दिवाळीला चार दिवस येते आणि जाताना नागपूरहून सकाळचं विमान धरते. तिचं तिकीट मीच काढतो, आणि जागा अर्थातच काका निवडतात. सहावी रांग, उजवी खिडकी.

मग मला सगळं कळलं. राऊतकाकू, अकरा शेटजी, वकील, सलीमभाईची आई, ही सगळी काकांची चाचणीची माणसं होती. कुठल्या रांगेतून, कुठल्या बाजूने, कितव्या मिनिटाला घाटंजी दिसते, हे काका इतकी वर्षं गावाच्या डोळ्यांनी मोजत होते. आणि गाव झोपत होतं.

"दिसतं का पण तिला?" मी विचारलं.

"दिसलं म्हणते. दर साली म्हणते."

"मग झालं की!"

"गजू, दिसणं न् दिसलं म्हणणं, यात फरक असते बावा. जबाब त सारं गावच देते." ते आरशावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसत राहिले. "खरंच दिसते का नाही, एवढं एकदा समजलं पाह्यजे मले."

मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. एक सत्तरीचा माणूस गच्चीवर उभा राहून आभाळाला आरसा दाखवतो, आणि त्याला एवढंच हवं असतं की वरून त्याच्या मुलीने एकदा खाली पाहावं. मी त्यांचा हयातीचा फोटो काढला. त्यात त्यांचा चेहरा उन्हाने लालबुंद आला आहे.

यंदा माझ्या मेहुण्याने बंगळुरूला फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. काकांना कळायचाच अवकाश, माझ्या प्रवासाची तारीखही त्यांनी ठरवली. वैशाली दिवाळी करून ज्या विमानाने जाणार, त्याच विमानाने मी जायचं. ती सहाव्या रांगेत, मी बरोबर तिच्या मागे सातव्यात.

"तू फक्त दोन गोष्टी पाह्य," काकांनी बजावलं. "चमकते का. अन् वैशू पाह्यते का. खोटं सांगू नको. तुह्यावर भरोसा हाय म्हणून धाडून राह्यलो."

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होतो, तेही पंच म्हणून.

वैशाली विमानतळावर छान गप्पा मारत होती. विमानात शिरली आणि गप्प झाली. पट्टा बांधला, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. विमान धावायला लागलं तसे तिचे डोळे मिटले. उडाल्यावर मी दोन खुर्च्यांच्या फटीतून पाहिलं, डोळे मिटलेलेच. ओठ हलत होते. बोटं पांढरी पडली होती. खिडकी तिच्या खांद्याला चिकटून होती आणि तिची मान पार उलट्या बाजूला वळलेली होती.

काकांच्या नकाशाप्रमाणे सोळावं मिनिट लागलं. मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "वैशू, पाह्य ना खाली. येते आता."

तिने डोळे उघडले नाहीत. "भाऊ, मले खूप भीती वाटते हो," ती पुटपुटली. "लहानपणापासून. आपल्या गच्चीवर पण मी कधी कठड्यापाशी जात नाही. इथं तर..." तिने खुर्चीचे हात आणखी घट्ट धरले. "दर वेळी अशीच बसते. बाबाले सांगू नका, प्लीज."

"मग आतली सीट घ्यायची ना!"

"एवढी मेहनत करून शोधली असते त्यांनी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, डोळे तसेच गच्च मिटलेले, "भाऊ, झालं का घाटंजी?"

मी दचकून खिडकीकडे वळलो. खाली एक नदी होती, मातकट चौकोन होते, कुठलंसं गाव होतं. उन्हात सगळं सारखंच दिसत होतं. मी तिच्याकडे पाहत बसलो आणि घाटंजी निघून गेली. चमकलं की नाही, देव जाणे. शेटजींना हसणारा मी, पंच म्हणून पाठवलेला मी, मलाही काही दिसलं नाही.

बंगळुरूला विमान थांबलं. माणसं उठण्याआधी वैशालीने फोन लावला.

"बाबा! दिसलं! हो, चमकलं ना, चांगलं दोनदा चमकलं! नाही, पंखाच्या पुढं... अहो, तलावाच्या अलीकडं!... आता तुमीच सांगा मग, मी वर होती का तुमी?"

ती हसत होती, भांडत होती. बसमधून, दारातून, सामानाच्या पट्ट्यापर्यंत बोलतच होती. थोड्या वेळापूर्वी बोटं पांढरी पडलेली हीच पोरगी का, असा मला प्रश्न पडला.

परत आलो त्या सकाळी मी काकांकडे गेलो. काय सांगायचं ते बसमध्येच पाठ केलं होतं. काकांनी स्वतः चहा केला, बशीसकट माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसले.

"चमकलं?"

"चमकलं काका. लख्ख. दोनदा."

"अन् पोरीनं पाह्यलं?"

"पाह्यलं म्हणजे काय! खिडकीला नाक लावून बसली होती."

काकांनी चहाचा एक घोट घेतला.

"त्या दिवशी बरोबर त्याच टाइमाले ढगाचा एक तुकडा आला इथं," ते म्हणाले. "इमान निंघून गेलं, मंग पाच मिनिटांनं ऊन पडलं. आरसा नुसता हातात धरून उभा होतो मी."

मी कप खाली ठेवला. लाज वाटली, खरोखर वाटली. मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. तिची भीती, मिटलेले डोळे, तिने केलेली विनवणी, मी चुकवलेली घाटंजी, सगळं सांगून टाकलं. काकांना धक्का बसेल असं वाटलं होतं. ते नुसते मान हलवत होते.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "लहानपनी झोक्यावर बसवलं तरी डोये मिटे. एका साली त इथं सारं आभाळ भरून होतं, तरी म्हणे दिसलं बाबा."

"मग मला कशाला पाठवलं काका?"

"वाटलं, एखांद्या टाइमाले पाह्यलं असंन."

मी म्हटलं, "काका, तिला सांगून टाका ना, की तुम्हाला सगळं ठाऊक आहे. आतल्या सीटवर बसू द्या बिचारीला. कशाला एवढा जीव मुठीत धरून खिडकीशी बसायचं तिनं?"

काकांनी बशी बाजूला सरकवली.

"तिची माय होती, तवा वैशू तास तास बोले तिच्यासंग फोनवर," ते म्हणाले. "माह्यासंग का बोलन? जेवले का, गोयी घेतली का, ठेवू का. झालं. त्याच्यात तिची चूक नाही, मलेच बोलता येत नाही. पण इमानातून उतरली का पह्यला फोन मले करते. दिसलं म्हणते. मी म्हणतो, कुठं दिसलं? पंखाच्या मांगं का पुढं? ते काहीतरी सांगते, मी भांडतो, ते हासते. बॅग येवस्तोर बोलते बावा माह्यासंग." त्यांनी चष्मा काढला आणि हातात तसाच धरून ठेवला. "सांगून टाकलं, त मंग फोन कायले करन ते?"